वड्या कोणी पाखडल्या

मला एका जागी बसता येत नाही. ताई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. वर्गात मी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत शिकवते, स्टाफरूममध्ये डबा उभ्यानेच खाते आणि पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तर मला बसून वाचवतच नाहीत. दोन पानं वाचायची, उठून खिडकीशी जायचं, मनातल्या मनात चार शिव्या द्यायच्या आणि परत यायचं. दुर्ग आणि भिलाईच्या मधल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी मुलांना लिहायला शिकवते. विषयाचं नाव भारदस्त आहे, काम साधं आहे. जे केलं ते दुसऱ्याला कळेल असं सांगायचं. आमच्या मुलांना नेमकं तेवढंच येत नाही.

दोष त्यांचा नाही, हे मला रागावून झाल्यावर आठवतं. ही मुलं शाळेत असल्यापासून कोचिंगच्या वर्गात चारांतला एक गोल काळा करत मोठी झालीत. त्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण सलग पाच ओळी लिही म्हटलं की घाम फुटतो. मग गेटसमोरचा झेरॉक्सवाला कामी येतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या बॅचचे सगळे रिपोर्ट आहेत. विषय सांगा, तो शोधून देतो; तुम्ही नाव बदला, तो सोनेरी अक्षरांचं कव्हर चढवून देतो. एकदा एका ग्रुपच्या रिपोर्टात सकाळचं धुकं आलं. पोरांनी प्रोजेक्ट केला होता एप्रिलमध्ये. विचारलं तर एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, किसी ने तो देखा होगा ना।" मी रिपोर्ट टेबलावर आपटला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

हे सगळं मी परक्या पोरांबद्दल बोलत होते, तोवर ठीक होतं. मग ताईची मुलगी शेवटच्या वर्षाला आली.

ताई माझी मोठी बहीण. भाऊजी रेल्वेत, दुर्ग लाईनवर; आमच्याकडचे निम्मे पाहुणे नागपूरच्या बाजूने याच लाईनने इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांचं घर मरोद्यात, गच्चीवालं. मी पद्मनाभपूरला राहते, पण माझी स्कूटी मरोद्याचा रस्ता माझ्याशिवायही काढेल. भाची माझ्याच कॉलेजात मेकॅनिकलला. कॉलेजात मला मॅडम म्हणते, घरी मावशी, आणि चिडली की दोन्हीकडे काहीच म्हणत नाही.

तिचा प्रोजेक्ट मला पहिल्यापासून आवडला होता. प्लायवूडची पेटी, आतून काळी रंगवलेली, वर काच, खालून हवा आत यायला भोकं, वरून बाहेर पडायला धुराडं. उन्हाच्या जोरावर वाळवण करायची पेटी. त्यात ताईने घातलेल्या मुगाच्या वड्या, म्हणजे सांडगे, ठेवायच्या, तेवढ्याच वड्या बाहेर उघड्या गच्चीवर ठेवायच्या, रोज संध्याकाळी दोन्ही तोलायच्या आणि कशातलं पाणी लवकर उडतं ते पाहायचं. तिच्या गाईड सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पेटी जिंकली पाहिजे. पेटी जिंकणार नसेल तर प्रोजेक्ट कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं.

आणि भाचीची निवड झाली होती, पुण्याजवळच्या एका कारखान्यात. अट एकच, निकालात काहीही अडकलेलं नको. सरांनी रिपोर्टवर सही केली नाही तर प्रोजेक्ट पुढच्या सेमिस्टरला ढकलला जातो, आणि तो ढकलला की पुणं गेलं. त्या घरात ही गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ताईने मात्र जाताना न्यायच्या चटण्यांचे डबे धुऊन पालथे घालून ठेवले होते.

सबमिशनला थोडे दिवस उरलेले असताना भाचीने पहिला मसुदा माझ्या हातात दिला. "आजच्या आधुनिक युगात ऊर्जेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे," अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने सुरुवात. मी पेनाने आख्खं पान आडवं खोडलं.

"कावून खोडून राहिली मावशी? सगळे असंच लिहितात."

"सगळे लिहितात म्हणूनच. युग राहू दे तिकडे. तू काय केलं आणि काय निघालं, हे पहिल्या पानावर सांग. वाचणारा काही सस्पेन्स पाहायला बसलेला नाही."

मी पुढे वाचत गेले, म्हणजे वाचत वाचत तिच्या खोलीत फेऱ्या मारत गेले, आणि तक्त्याशी आले. तक्त्यात पेटीतल्या वड्या झपाझप वाळत होत्या आणि गच्चीवरच्या हळूहळू. आकडे इतके देखणे की एकाही दिवशी कुठे अडखळले नव्हते. मी वर्षानुवर्षं असे देखणे आकडे पाहत आलेय. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"उलटं आलं होतं," ती म्हणाली. "गच्चीवाल्या वड्या जास्त लवकर वाळल्या. रोज. मग मी दोन्ही कॉलम अदलाबदल केले."

मला राग आला, आणि राग आला याचं वाईटही वाटलं, कारण पोरीचा चेहरा उतरला होता. ही माझी भाची. वर्गात मी घसा कोरडा करते की जे फसलं तेही लिहा, फसलेलं नीट सांगितलं तर त्यातही अभ्यास असतो. आणि माझ्याच घरातली पोर कॉलम फिरवते. पण खरे आकडे लिहिले तर सर सही करणार नाहीत, हेही मला माहीत होतं. तत्त्व माझं होतं आणि पुणं तिचं. त्या रात्री मला धड झोप लागली नाही. सकाळी कॉलेजला दांडी मारून मी सरळ मरोद्याला गेले.

"आधी खरे आकडे परत टाक," मी म्हटलं. "मग शोधू, उलटं का आलं. पद्धतीचं प्रकरण काढ. ते तू कोणासाठी लिहिलंस?"

"सरांसाठी."

"सरांना माहीत आहे सगळं. ज्याला काही माहीत नाही त्याच्यासाठी लिही. भिलाई कुठे आहे हे माहीत नसलेला, वडी कधी न पाहिलेला माणूस. तो तुझं पान हातात घेऊन त्याच्या गच्चीवर उभा आहे. त्याला तुला फोन करून विचारता येत नाही. त्याच्या हातून तू केलं तेच व्हायला पाहिजे, कमी नाही की जास्त नाही."

हे मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. भाचीला विसरायची सोय नव्हती, कारण मी डोक्यावर उभी होते. तिने लिहायचं, मी तो अडाणी परका माणूस होऊन प्रश्न विचारायचे. वड्या केवढ्या? बोराएवढ्या म्हणू नकोस, बोरं लहानमोठी असतात, मोजून लिही. गच्चीवर कशावर घातल्या? प्लॅस्टिकवर की धोतरावर? काटा कोणता? दोन्ही ढीग एकाच काट्यावर तोलले का? पाणी उडालं ते किती, नुसतं "खूप" लिहून चालत नाही. ती चिडत होती, पण लिहीत होती. दुपार भट्टीसारखी तापली होती, कूलरचं पाणी दोनदा भरावं लागलं, आणि मी उठत-बसत तिचं डोकं खात होते. ताई मधूनच येऊन सांगून गेली, "बस नं बाई एका जागी, पोरीचं डोकं फिरून राहिलं तुले पाहून पाहून."

उन्हं उतरल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. तिथे नव्या वड्यांची खेप वाळत होती, घरच्यासाठी घातलेली. मी म्हटलं, आता लिहिलेलं मोठ्याने वाच. मोठ्याने वाचलं की गळलेलं कानाला कळतं. ती कठड्याला टेकून वाचू लागली, इंग्रजी वाचायची आणि मला मराठीत सांगायची. वड्या घातल्या. ऊन इतके तास. संध्याकाळी वड्या उचलल्या. वड्या तोलल्या.

ताई वड्या उचलायलाच वर आली होती. तिने प्लॅस्टिकवरच्या सुट्या झालेल्या वड्या गोळा केल्या, सुपात घेतल्या आणि पाखडल्या. सुपातून काळसर धूळ उडाली, वाऱ्यावर गेली. मी ते पाहत होते आणि पाहत नव्हते. आमच्या आईनेही असंच पाखडलं, शेजारची छत्तीसगढी काकी तिच्या 'बरी', म्हणजे वड्याच, अशाच पाखडते. धूळ कुठली यावर मोहल्ल्यात मतं खूप आहेत, रस्त्याची, ट्रकांची, वाऱ्याची. पण वाळवण गच्चीवर घातलं की त्याच्यावर धूळ बसणार आणि उचलताना ती पाखडायची, यावर मत असायचं काही कारणच नाही. उचलणं म्हणजेच पाखडणं.

भाची वाचता वाचता थांबली.

"आई, तू ह्या रोज पाखडत होती का? माझ्या पण?"

"मंग? तशाच ठेवू का मातीच्या? तू कॉलेजातून येईपर्यंत मी उचलून, पाखडून, डब्यात भरून ठेवत होती."

"आणि पेटीतल्या?"

"त्याले काच होती नं वरून. त्या चोख राहत. त्या कावून पाखडू?"

भाचीने खाली बसून सुपाशेजारची फरशी बोटाने पुसली आणि बोट मला दाखवलं. धुळीत मुगाचा पिवळा चुरा होता. वड्यांची टोकं मोडून, कडा झिजून, रोज थोडं थोडं वजन सुपातून उडून गेलं होतं. गच्चीवरच्या वड्या लवकर वाळत नव्हत्या, लवकर झिजत होत्या. तिने काट्यावर पाण्याबरोबर मूगही मोजला होता, आणि मूग उडाला ते सगळं पाणी उडालं म्हणून लिहिलं होतं.

मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. कारण आता सगळीच रीडिंग गेली. सरांच्या बाजूचीही नव्हती आणि विरुद्धही नव्हती, ती कशाचीच नव्हती.

मी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. ते डबा खात होते, मी उभी होते. नव्याने मोजून होईल एवढे दिवस आहेत, मी म्हटलं, उन्हाची काय कमतरता आहे. ते म्हणाले मोजा. पण पहिल्या मोजणीचं रिपोर्टात काही नको, ते सगळं काढून टाका. मी म्हटलं, नाही, तेच तर सांगायचं आहे. जो कोणी हे पुढे करील तो याच खड्ड्यात पडेल. आवाज चढला, माझाच. बाकीचे डब्यातून डोकं काढून पाहायला लागले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आपकी भांजी है, आप जानें। पण एक्स्टर्नल परीक्षकाने अडकवलं तर माझ्याकडे येऊ नका."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भाची पुन्हा गच्चीवर, डोक्याला ओढणी बांधून. ताईला सुपाला हात लावायची बंदी. ताई जिन्यापर्यंत यायची, वड्यांवरची धूळ पाहायची आणि हात चोळत परत खाली जायची. मी रोज कॉलेज सुटलं की स्कूटी मरोद्याकडे वळवायची आणि आकडे विचारायची. मला पेटी जिंकायला हवी होती. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, पण हवी होती, अगदी सरांना हवी होती तितकीच.

पेटी जिंकली नाही. दोन्ही जवळपास सारख्याच वेळात वाळल्या. आमच्या मे महिन्याच्या उन्हापुढे आणि झळांपुढे पेटीची काय मिजास. भाची कागदाकडे बघत बसली. "म्हणजे काहीच नाही निघालं," ती म्हणाली.

"लिही तसंच. सारख्याच वाळल्या."

"आणि मग पेटी कशाला, असं विचारलं तर?"

तिने पुढे होऊन गच्चीवरच्या ढिगातली, न पाखडलेली एक वडी तोंडात टाकली आणि चावता चावता तिचा जबडा थांबला. मग पेटीतली एक खाल्ली. मलाही दोन्ही दिल्या. पहिली दातांखाली कचकचली, दुसरी नाही. आम्ही दोघी याच धुळीत वाढलो होतो, म्हणून पेटीचा खरा उपयोग आमच्या समोर असून दिसत नव्हता. पाखडायचं काम नाही, चुरा नाही, कचकच नाही. तिने त्याच संध्याकाळी दोन्ही ढीग वेगवेगळे पाण्यात धुतले, तळाशी बसलेला गाळ वाळवला, तोलला. तो आकडा तिने पहिल्या पानावर घेतला, आणि मला काही सांगावं लागलं नाही.

शेवटचा मसुदा मी प्रथमच बसून वाचला. स्वच्छ लिहिलं होतं. मग मी एका वाक्याशी आले. "पहिल्या मोजणीच्या वेळी उघड्यावरच्या वड्या तोलण्याआधी मी पाखडत असे, त्यामुळे ती मोजणी बाद धरली आहे." मी.

"तू कुठे पाखडल्या?"

"मावशी, राहू दे नं. आईचं नाव चुकीमध्ये कशाला छापायचं? बाबा ते सगळ्या लाईनीत दाखवत फिरतील. चूक माझीच आहे, मी तिला सांगितलं नव्हतं."

ज्याने जे केलं ते त्याच्या नावे लिहा, हे माझंच पालुपद. आणि आता ते मला एका आईच्या विरुद्ध वापरावं लागणार होतं. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. खोटं वाक्य होतं, आणि ते खोडायला माझा हात होत नव्हता. उद्या छापायला द्यायचं होतं.

ताई दारात उभी होती. किती ऐकलं माहीत नाही.

"काय लिहिलं माझ्याबद्दल?"

भाचीने 'काहीच नाही' म्हणत पान झाकलं. ताईने ते तिच्या हाताखालून ओढलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती पानाकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "तू सांग."

मी सांगितलं. वाक्यात काय आहे तेही, आणि खरं काय असायला हवं तेही. ताई खाटेवर बसली.

"पाखडल्या मी, आणि लिहिते ही? हिले सूप धरता तरी येते का?"

"आई, ती चूक म्हणून लिहिलेली आहे. त्याच्यानं रीडिंग खराब झाली असं आहे ते."

"असू दे. खराब झाली तर झाली. माझ्या हातानं झाली नं?"

भाची म्हणाली, "आभारामध्ये आहे तुझं. अगदी सुरुवातीलाच. आई-बाबांच्या आशीर्वादाने, असं."

"ते तर सगळ्यांच्याच आईचं असते," ताई म्हणाली. "इतके वर्षं ह्या घरात वड्या घातल्या, उचलल्या, पाखडल्या. कोणी कुठं लिहिलं नाही. आता पहिल्यांदा लिहून राहिले, तर तेही तुझ्या नावानं?"

भाचीने पान परत घेतलं. तिने 'मी' खोडलं आणि वर लिहिलं : माझी आई. मग ताईने तिच्याकडून ते मराठीत तीनदा वाचून घेतलं.